बुवांचा गंधार

आमचे बुवा एका सुरावर पाव तास बसून राहायचे. त्यातही दरबारी रागातला कोमल गंधार असला, की मग विचारायलाच नको. तो सूर ते सरळ कधी लावत नसत. मूल झोपल्यावरही आई सवयीने पाळणा हलवत राहते, तसा तो हलकेच झुलवायचे. 'नुसता लावू नको रे, झुलू दे त्याला,' म्हणायचे. कामोठ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी सात वर्षं हेच घोटलं. एकदा कंटाळून विचारलं, 'बुवा, पुढे जाऊ या का?' तर म्हणाले, 'घाई असेल तर नेरूळला जा. तिथे सहा महिन्यांत सगळं शिकवतात.'

बंदिशी स्वतः बांधायचे, पण वहीत उतरवत नसत. साठी उलटल्यावर दम कमी पडू लागला, तेव्हा मीच मागे लागलो, की कुठल्या कंपनीच्या दारात न जाता आपणच रेकॉर्डिंग काढू. सीवूड्सच्या एका स्टुडिओत त्यांनी दरबारीतली आपली नवी बंदिश गायली. तंबोरे जुळवण्यात पाऊण तास गेला, पण गायले असे की साथीला बसलेला मी पेटी वाजवायची विसरलो.

आठवड्याने तयार रेकॉर्डिंग पसंतीसाठी माझ्या फोनवर आलं. मी ऑफिसात वैतागलेला. अर्धं मिनिट ऐकलं आणि अंगठा पाठवून दिला. संध्याकाळी ते इंटरनेटवर चढलंसुद्धा.

बुवांनी ते डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, 'छान गातोय. कोण आहे हा?'

गंधार सरळ झाला होता, पट्टीने आखल्यासारखा. मी स्टुडिओवाल्याला फोन लावला. 'सर, अंकलचा आवाज तिथे शेक होत होता. वय झालंय ना, म्हणून करेक्ट केला. टेन्शन नका घेऊ, कोणाला कळनार पन नाय.' मूळ रेकॉर्डिंग त्याने पुसून टाकलं होतं. माझा अंगठा गेला होता ना!

'पुन्हा गाऊ,' एवढंच बुवा म्हणाले. रागावले नाहीत, हेच मला अजून झोंबतं. पुढच्याच महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि आवाज गेला. वर्षभराने तेही गेले.

आता मी शिकवतो, उत्साह फारसा नाही. गेल्या रविवारी बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या. बुवांचं रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी ती बंदिश बसवली होती. गंधार अगदी सरळ. मी त्यांना थांबवलं आणि बुवांनी शिकवला तसा गंधार लावून दाखवला. त्यांनी मन लावून ऐकलं. मग संकोचून म्हणाल्या, 'सर, रागावू नका, पण तुमचा सूर हलतोय. बुवांचा बघा ना, किती स्थिर आहे.'