चहाच्या कपाला लाल टॅग

किस्से म्हणजे आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत शॉपमध्ये, मशीनखाली पडणारा लोखंडाचा चुरा. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी परत तेवढाच! हल्ली त्यातले निम्मे माझ्या थायरॉईडवर आहेत. लोक तिखटमीठ लावून सांगतात, त्यापेक्षा म्हटलं मीच सांगते.

*

मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर असते, अकरा वर्षं झाली. पंपाचे पार्ट येतात, मी गेज लावून माप तपासते. बरोबर असेल तर हिरवा टॅग, शंका आली तर लाल. लाल टॅग लागला की मालकसुद्धा तो पार्ट हलवत नाहीत. आमच्यात हा देवाचा नियम!

गेल्या वर्षी मला नुसती झोप यायची. एकदा एका हातात गेज, दुसऱ्या हातात पार्ट, आणि मी बसल्या जागी गार! आमचे फोरमन आप्पा मागून आले आणि माझ्या वेणीलाच लाल टॅग अडकवून गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तो मिरवत फिरले!

पण त्याच दिवशी दोन खराब पार्ट माझ्या हातून पास झाले. आप्पा म्हणाले, "सुनंदा, आळस लई झाला गं. म्हैनाभर बघतो. न्हाय सुधारलीस तर टेबल पॅकिंगच्या निर्मलाला, आन् तू तिच्या जागी."

तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले. मलाही वाटायला लागलं होतं की आपण आळशीच आहोत.

*

घरी उचगावात वेगळाच तमाशा. मे महिन्यात मी स्वेटर घालून भाकऱ्या थापत होते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "काय गं, चुलीपुढं बसून थंडी वाजतीया?"

त्यात वजन वाढत चाललेलं. मी दोनाची एक भाकरी केली, तरी वाढतंच! आत्तींनी आठ दिवस भाकरीच्या बुट्टीवर पाळत ठेवली. शेवटी त्यांनीच निकाल दिला, "व्हय, खात न्हाय ही. मग वारा खाऊन फुगतीया की काय!"

*

डॉक्टरकडे मला नेलं कोणी? निर्मलानं! जिला माझं टेबल मिळणार होतं तिनंच! अनगोळला दवाखान्याच्या पायरीवर मी म्हटलं, "अगं, माझा आळस तुझ्या फायद्याचा की!"

ती म्हणाली, "टेबल पायजे गं मला. पण तुला झोपेतनं उचलून न्हाय घ्यायचं."

*

रक्ताचा रिपोर्ट आला. आप्पांनी तो हातात घेतला, चष्मा लावला आणि आकड्यांवर बोट फिरवलं. "खालचं लिमिट, वरचं लिमिट... वरच्या लिमिटच्या लई भायेर!" म्हणाले, "पार्ट रिजेक्ट!"

मी म्हटलं, "आप्पा, डॉक्टर म्हणाले ग्रंथी कमी काम करते."

"कमी? मग आकडा जास्ती कसा?"

मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. त्यांचं उत्तर मी सगळ्यांना ऐकवलं, "हा आकडा कामगाराचा, म्हणजे ग्रंथीचा नाही, तिला कामाला लावणाऱ्या मेंदूतल्या फोरमनच्या ओरडण्याचा. कामगार झोपलाय, म्हणून फोरमन जास्त ओरडतोय."

शॉपमध्ये हशा पिकला. आप्पा लालेलाल झाले. "माझं नाव कशाला घातलंस गं रिपोर्टात?" मग पेन काढून त्यांनी रिपोर्टवर लिहिलं : 'रिजेक्ट नाही. रिवर्क.' म्हणजे भंगारात नाही, दुरुस्तीला.

*

गोळी रोज घ्यायची, उपाशीपोटी, आणि नंतर तासभर चहा बंद. सकाळच्या बसच्या गडबडीत मी ती घरी विसरायची, म्हणून डबी टेबलावरच ठेवली. सातला पोचले की गोळी. पण सव्वासातला चहा येतो, आणि आमच्यात चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण! "कुणावर रागावलीस, आक्का?" असं तिघांनी विचारलं की मी मुकाट्यानं प्यायची.

चौथ्या दिवशी आप्पांनी माझ्या कपाला लाल टॅग बांधला. वर लिहिलं, '८ नंतर'. "आता कोण हलवतंय बघतो!"

तेवढ्यात मालक आले. कप उचलायला हात घातला, टॅग दिसला, आणि हात मागं घेतला!

*

महिना संपला, आप्पा टेबलाचं काही बोललेच नाहीत. पुढं दुसरा रिपोर्ट आला, आकडा दोन्ही लिमिटच्या मधोमध! आप्पांनी माझ्या वेणीला हिरवा टॅग अडकवला. मला भर शॉपमध्ये रडू आलं. ते म्हणाले, "रडतीस काय? टेबलावर बस, माल साठलाय."

*

परवा सोमवारी चहा आला. माझ्या कपाला नेहमीचा लाल टॅग.

शेजारी आप्पांचा स्टीलचा ग्लास. त्यालाही लाल टॅग! वर त्यांच्याच अक्षरात, '८ नंतर'.

मी आप्पांकडे बघितलं. ते मशीनकडे बघत होते.

"काय बघतीस?" म्हणाले. "गोळीला पाणी दे तेवढं."