मऊ शॉकअप, कडक शॉकअप

गॅरेजात किस्से साठतातच. गाडी खोललेली असते, माणसाला कुठं जाता येत नाही, मग तो बोलत बसतो. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला फौजीचं गॅरेज आहे आणि शेजारीच माझं खता-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी तिकडंच. हसण्यासारखं पुष्कळ ऐकलं तिथं. आता त्यातलं काही सांगायला लागलो की मधेच थांबावंसं वाटतं.

फौजी म्हणजे उत्तमराव. सैन्यात ते बर्फावर चालणाऱ्या स्कूटर दुरुस्त करायचे. तिला पुढं घसरपट्ट्या, मागं रुंद रबरी पट्टा आणि धक्के झेलायला त्या पट्ट्याच्या आत शॉकअप.

"दोन जातीच्या होत्या," ते सांगायचे. "जुनीचे स्प्रिंग जाडजूड. माणसाची हाडं खिळखिळी करायची, पण सोता मोडायची न्हाई. नवी म्हंजे गादी. पण थंडीत तिचं सील जायचं, तेल गळायचं, अन् आम्ही बर्फात पायी."

एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, "बर्फावर कुठून आले खड्डे?"

"वाऱ्यानं सऱ्या पडतेत. नांगरल्या रानावानी."

शेतकरी विचारात पडला. "मंग पेरत काहून न्हाईत?"

* * *

दिगंबर आमचा तिसरा. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला, रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन. त्यानं नवी गाडी घेतली, मागं एकच शॉकअप, मधोमध. फौजीच्या जुन्या गाडीला दोन, दोन्ही बाजूंना. कोणती चांगली, यावरून रोज वाद.

शेवटी दोघांनी आपापल्या कॅरिअरला ताकानं भरलेली, बिनझाकणाची कॅन बांधली आणि कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं चक्कर मारून आले. दिगंबरची कॅन अर्धी उरली होती. फौजीचं ताक सगळं फौजीच्या पाठीवर!

शर्ट पिळत फौजी म्हणाले, "गादी किती दिवस टिकती ते पाहू."

* * *

नाहीच टिकली. दिगंबर येताना माझ्या दुकानातून खताची गोणी न्यायचा, शिवाय कधी बायकोही मागं बसायची. शॉकअपचं तेल गळालं, गाडी मागून बसली. फौजी त्या दिवशी जाम खुशीत. त्यांनी कुठून तरी शोधून सगळ्यात कडक स्प्रिंगचा शॉकअप आणला आणि बसवला.

"आता ही गाडी तुझ्या नातवाला दे."

दिगंबर चक्कर मारून आला. "लई कडक ह्ये, फौजी."

"सवय होती."

सवय झालीही. तो कंबरेला मलम चोळायचा, गोळी घ्यायचा आणि ड्युटीवर जायचा. मग एक दिवस कारखान्यात खाली वाकला तो उठलाच नाही. मणक्याची गादी सरकली होती. गाडी चालवणं बंद, कामही सुटलं.

फौजी आणि मी भेटायला गेल्तो. अंगणात गाडी उभी होती. फौजींनी सवयीनं तिची सीट मागून दाबून पाहिली. जरा हलली नाही. बाजेवरून दिगंबर म्हणाला, "गाडी एक नंबर ह्ये. तिला काहीच झालं न्हाई."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. फौजींनी चहा तसाच ठेवला.

* * *

तेव्हापासून फौजी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "कंबर दुखती का?" एक जण वैतागला. "शॉकअप बदलायला आलोय, दवाखान्यात न्हाई." फौजी म्हणाले, "बराबर. तरी सांग."

* * *

मागच्या महिन्यात फौजींनी स्वतःच्या गाडीला मिळतील तेवढे मऊ शॉकअप बसवले आणि सकाळीच मला घेऊन दिगंबरच्या दारात गेले. "चल, हायवेला चहा पिऊन येऊ." त्याच्या बायकोनं आणि मी त्याला धरून मागं बसवलं. फौजी पायी चालल्यासारखी गाडी हळू चालवत होते, मी माझ्या गाडीवर शेजारून.

पहिला खड्डा आला. "कळला का?"

"न्हाई."

पुढचा जरा मोठा होता. "हा?"

"बिलकुल न्हाई."

किती दिवसांनी फौजींच्या चेहऱ्यावर हसू पाहिलं. हॉटेलपर्यंत ते विचारत राहिले आणि दिगंबर नाही म्हणत राहिला. गाडी स्टँडवर लावून फौजी मागं वळले. दिगंबर तसाच बसून होता.

"उतर की."

दिगंबरनं डाव्या मांडीवर हात ठेवला. "हा पाय जरा उचलून खाली ठेव, फौजी. माझा मला कळत न्हाई."