मावशींचं नाक

आमच्या जिन या दारूच्या कारखान्यात चव बघणारा मुख्य माणूस मी होतो आणि खरं नाक मावशींचं होतं. हे एवढंसं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

मावशी चव बघायच्या खोलीतले ग्लास धुवायच्या. ठेंगण्या, तुरुतुरु चालणाऱ्या, तोंडाने फटकळ. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. अकरा वर्षांत त्यांनी थेंबही तोंडात घेतला नव्हता. नवरा पिऊन पिऊनच गेला होता. "मी बाटली विसळते साहेब," म्हणायच्या, "तेवढं नातं बस झालं."

मग एका तापात माझं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि आयुष्यभर मी लोकांसमोर नाकाने कांदे सोलत आलेलो. सांगणार कुणाला? रोज सकाळी नव्या बॅचचा ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि अंदाजपंचे शेरा ठोकून द्यायचा.

एकदा ग्लास उचलता उचलता मावशी म्हणाल्या, "आज दोन नंबरात धणे जास्त पडलेत का हो?" मी भट्टीवाल्याला फोन केला. पडले होते.

त्या दिवसापासून दार लावून आधी मावशी हुंगायच्या आणि मग मी लिहायचो. कारण सांगावंच लागलं. हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "नजर गेली की चष्मा लावतोच ना माणूस? लाजायचं काय त्यात?" त्यात नव्हतंच लाजण्यासारखं. ते पुढे होतं.

मालकांनी नवी जिन काढायचं ठरवलं. बाजारातल्या जिनच्या चार तऱ्हा शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आणि कोणत्या वाटेने जायचं ते मी सांगायचं. मावशींनी एकेक ग्लास हुंगला. लंडन ड्रायला म्हणाल्या, "सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं, ताजा भुसा." ओल्ड टॉमला, "ही गोड बोलून काम काढून घेणारी." जेनेव्हरला ओल्या धान्याचं पोतं म्हणाल्या, पण नावं ठेवली नाहीत. चौथी नव्या धर्तीची, फुलं आणि संत्र्याची साल घातलेली. "ही लग्नाला निघालीये साहेब, हिला कामाला लावू नका."

पण हुंगून भागणार नव्हतं. गोड-कडू माझ्या जिभेलाही कळायचं. घोट सरल्यावर मागे काय रेंगाळतं ते मात्र नाकाशिवाय कळत नाही, आणि मालकांना नेमकं तेच हवं होतं.

"मावशी, नुसतं तोंडात घ्या आणि थुंकून टाका."

त्या मागे सरकल्या. "नाही साहेब. ते नको."

"औषध समजा. माझ्यासाठी."

माझ्यासाठी! असं म्हणताना जीभ कशी झडली नाही माझी. मावशींनी चार वेळा तोंडात घेतलं, चार वेळा थुंकलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मला हवं ते सगळं त्यांनी सांगितलं आणि मी ते भराभर उतरवून घेतलं.

दार उघडून त्या बाहेर पडल्या त्या थेट मॅनेजरसमोर. मॅनेजरना वास आला.

"मावशी, कामावर पिता?"

दार उघडंच होतं, मी चार पावलांवर बसलेलो. मावशी वळल्या. माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. मी मान खाली घातली आणि अहवालावर तारीख लिहिली.

दुपारपर्यंत मावशींचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या अहवालाची वाहवा झाली. सुताराच्या दुकानातला ताजा भुसा मालकांना फार आवडला. मी आभारही मानले.

आठ दिवसांनी पॅकिंगमधल्या बाईंकडून कळलं की घरीही मावशींचे हाल आहेत. बाप तसा होता, आता आईही तशीच, असं मुलाने धरलं होतं. दोन वर्षांच्या नातीला सून त्यांच्याजवळ सोडत नव्हती. मी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो.

मुलगा समोर बसला. सून दारात, कडेवर मुलगी. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पाहुण्यासारख्या.

"तुमची आई प्यायली नव्हती," मी म्हणालो. "मॅनेजरचा गैरसमज झाला."

सुनेने मुलीला खाली सोडलं. ती धावत जाऊन आजीच्या मांडीवर चढली. कुणी अडवलं नाही. मावशींनी तिला घट्ट धरलं.

"पण तोंडाला वास होता म्हणे," मुलगा म्हणाला. "तुम्ही होता ना तिथे? मग तेव्हाच का नाही बोललात?"

आता सांगायचं होतं. मला घाम फुटला, मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो. माझी ती दशा मावशींना बघवली नसावी. त्या बाईला कधी खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"साहेब त्या दिवशी रजेवर होते रे," त्या म्हणाल्या.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

"मग तुम्हाला काय ठाऊक?" तो म्हणाला.

सून पुढे आली, आजीच्या मांडीवरून मुलीला उचललं आणि आत घेऊन गेली. मुलगी रडत होती. मी कपातला चहा संपवला.