मचाण गेलं, झोळी आली

खंडूवर मी जळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याविषयी काही चांगलं लिहिलं गेलं तर ते नाइलाजाने लिहिलंय हे लक्षात राहील.

बहरीनमध्ये मीना सलमान बंदराजवळ आमचं वर्कशॉप आहे. पुढच्या बाजूला माझं फॅब्रिकेशन: रेलिंग, शिड्या, बोटींचे स्टँड. मागच्या बाजूला खंडूचं शिलाईकाम: बोटींची कव्हरं, ताडपत्र्या, माल उचलायचे पट्टे. मी गुरुप्रसाद, चिंचवडचा, डिप्लोमा केलेला. तो यवतमाळकडच्या दारव्ह्याचा, ट्रकच्या ताडपत्र्या शिवत शिवत इथवर आलेला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करतो आणि तो मला अहो-जाहो. यात त्याचा मोठेपणा आणि माझा कोतेपणा एकदमच दिसतो, म्हणून मला ते मुळीच आवडत नाही.

मालक अर्सलान साहेब इथल्याच मुहर्रक बेटावरचे. शिकले अमेरिकेत. तिथल्या एका मित्राच्या मालकीचं जंगल आहे, तिथे ते दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. झाडावर बसायला मचाण लागतं आणि ते सहा वर्षं, दरवर्षी एक नवं, मीच बनवत आलो. अॅल्युमिनियमचं, घडीचं, विमानात सामानातून जाईल असं. बसायला पाट, पायाखाली जाळी, खोडाला आवळायला पट्टा. निघण्याआधी साहेब मला घरी बोलवायचे, मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, शेजारी बसवून कहवा पाजायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "मेरी जान इसके हाथ में है." वर्षातला तेवढा एक दिवस माझा. एरवी मी रेलिंगवाला.

यंदा सप्टेंबरात साहेब मोबाईल हातात घेऊन आले आणि माझ्या टेबलापाशी न थांबता सरळ मागे खंडूकडे गेले. मी पाना शोधायचं निमित्त काढून मागोमाग गेलो. व्हिडिओत एक माणूस झाडाला चक्क लटकला होता. मचाण नाही, काही नाही. कमरेखाली रुंद पट्ट्यांची बैठक, तिच्यापासून दोर खोडाला बांधलेला, पाय बुंध्याला टेकवलेले. हरीण ज्या बाजूने येईल त्या बाजूला तो खोडाभोवती सरकायचा. याला ट्री सॅडल म्हणतात, साहेब म्हणाले. वजन जेमतेम किलोभर. माझं सगळ्यात हलकं मचाण आठ किलोचं होतं.

"साहेब, ये तो रेडीमेड मिलता है," मी म्हणालो.

"मेरे साइज़ में नहीं मिलता." साहेब पोटावर थाप मारून हसले. "खंडू बनाएगा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेब गेल्यावर मी खंडूला म्हणालो, "ही तर झोळी आहे रे. साहेबांना पाळण्यात घालून झोके देणार का?"

"पाहू ना भाऊ, कसं जमते थे," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

त्याला राग येत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. पुढचे पंधरा दिवस मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काही बघितलं नाही. आधी त्याने जुन्या ताडपत्रीची नमुन्याची बैठक शिवली, छताच्या गर्डरला टांगली आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः त्यात तासभर बसून राहिला. मांडीला कुठे रग लागते तिथे खडूने खूण केली. पट्टा दोन बोटं सरकवला, पुन्हा बसला. तीनदा सगळी शिलाई उसवली. मग एकेकाला बोलावून बसवू लागला. सगळे बसले, हसले, झोके घेऊन गेले. मला त्याने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा काम आहे म्हणालो. साहेब एक दिवसाआड येऊन मागे त्याच्या स्टुलावर बसायचे आणि त्याच्या किटलीतला चहा प्यायचे. माझ्याकडे त्यांनी सहा वर्षांत एकदाही चहा घेतला नव्हता.

मग एके दिवशी खंडू माझ्याकडे आला. "भाऊ, दोरासाठी दोन लोखंडी रिंगा पायजेत. बाजारातल्या मालावर माहा भरोसा नाही. तुमच्या हातची द्या."

त्याने माझं कौतुक केलं होतं. मला मात्र एवढंच ऐकू आलं, की आता मी खंडूचा मदतनीस. जोडाची दोन्ही टोकं आधी तासायची आणि मग आतपर्यंत वेल्डिंग भरायचं, हे मी झोपेतही करू शकतो. मी ते केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सळई वाकवली, वरवर वेल्डिंगचा टाका मारला, ग्राइंडर फिरवला, पॉलिश केलं. रिंगा आरशासारख्या चमकत होत्या. "घे," म्हणालो. त्याने त्या शर्टाला पुसल्या आणि म्हणाला, "झकास."

आमच्याकडे नियम आहे. ज्यावर वजन लटकणार ती वस्तू वजनाच्या पाचपट ओढून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही. चेन पुलीने ओढायचं, काटा बघायचा, मग माझी सही. खंडूचा प्रत्येक पट्टा मी असाच ओढतो. माझी मचाणं मात्र कधी ओढली नाहीत. काम माझं, तपासणारा मी, सही माझी. हातोडीने दोनदा ठोकून बघितलं की झालं. कोण विचारणार?

साहेब शंभर किलोचे, म्हणजे सॅडलला पाचशे किलो पेलायला हवेत. खंडूचा दोरा तीनशेला तुटेल अशी माझी खात्री होती. खरं म्हणजे इच्छा होती. माझ्या रिंगांचा विचारही मनात आला नाही. म्हणून चाचणीच्या दिवशी मी साहेबांना मुद्दाम बोलावून घेतलं. "आप ख़ुद देखिए साहेब, आपकी जान का सवाल है."

मी साखळी ओढू लागलो. दोनशे. अडीचशे. खंडू हात मागे बांधून उभा होता. तीनशेच्या जरा पुढे काटा गेला आणि टणकन आवाज झाला. सॅडल उडून भिंतीवर आपटलं.

साहेबांनी ते उचललं. शिलाईचा एक टाकाही हलला नव्हता. रिंग जोडावर उघडली होती. आतली सळई जशीच्या तशी होती, वेल्डिंग तिथवर पोचलंच नव्हतं.

"ये रिंग कहाँ से लाया?"

मी खाली बघत साखळी गुंडाळू लागलो.

"बाज़ार से, साहेब," खंडू म्हणाला. "मेरी गलती."

साहेब कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी खंडूला धारेवर धरलं. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गुरु से बनवाना था! छह साल इसके मचान पर बैठा हूँ, कभी हिला नहीं." दाराशी गेल्यावर वळून मला म्हणाले, "तेरे वो छह मचान इस बार दोस्त के बच्चों को दे दूँगा. बड़े हो गए हैं, शिकार सीख रहे हैं. यल्ला, जल्दी नई रिंग लगाओ." तुटलेली रिंग खिशात टाकून ते गेले.

खंडू दुसऱ्या रिंगेभोवतीची शिलाई उसवायला बसला.

"खोटं कशाला बोललास?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चिडलेला होता, याची आज लाज वाटते.

"साहेब मले बोलले, उद्या इसरून जातीन. तुमाले बोलले असते त तुमी मले जलमभर माफ केलं नसतं, भाऊ."

म्हणजे माझं जळणं त्याला ठाऊक होतं. झोळी म्हणालो तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून.

"पण थे न ओढलेले मचाणं," तो खालमानेनेच म्हणाला, "लेकरं चढतीन त्यायवर. थे काही मले सांभाळता येत नाही."

मी बाहेर गेलो. साहेबांची गाडी सुरू झाली होती. काचेवर टकटक केली. काच खाली आली आणि मी उन्हात उभा राहून सगळं सांगितलं. रिंग माझी. मचाणं कधी ओढून पाहिली नाहीत. मुलांना देऊ नका, तुम्हीही बसू नका. एकेक वाक्य बोलताना मजलिसमधली माझी जागा जाते आहे हे मला कळत होतं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून ती रिंग काढली, उघडलेल्या जोडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "गुरु, इसमें बैठना किसको था?"

रिंग जोडताना माझ्या डोळ्यांपुढे खंडूच होता. साहेब त्यात बसणार आहेत, हे मी साफ विसरलो होतो.