हुपरीच्या चांदीचा बेस

कोल्हापुरात बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाची पहिली अडचण म्हणजे 'बेस' हा शब्दच. आमच्याकडं बेस म्हणजे चांगलं, झकास. जेवण बेस झालं, पाऊस बेस पडला, सोयरीक बेस जमली. माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीच्या चुलत्यानं विचारलं, "पावणं, ऑर्केस्ट्रात काय वाजवता?" मी सांगितलं, "बेस." ते म्हणाले, "बेस वाजवत असालच की! पन वाजवता काय?" अख्खी बैठक हसली. मी तेवढा हसलो नाही. तेव्हा माझं डोकं लवकर तापायचं. आता हा किस्सा मीच सांगत फिरतो.

दुसरी अडचण अशी की बेस कुणाला ऐकू येत नाही. लोक गाणाऱ्याकडं बघतात, ढोलकीवर शिट्ट्या मारतात, की-बोर्डवाल्याला पुन्हा वाजव म्हणतात. बेस म्हणजे आमटीतलं मीठ. आहे तोवर कुणी नाव काढत नाही, आणि नसलं की सगळे तोंड वाकडं करतात, पण काय राहिलं ते चटकन सांगता येत नाही. इतकी वर्षं वाजवून मला कुणी "बेस चांगला होता" म्हटलेलं आठवत नाही. म्हटलं असेलही, पण ते कुठल्या अर्थानं, देव जाणे.

म्हणून एके दिवशी कार्यक्रम संपल्यावर एक आडव्या अंगाचा गडी स्टेजपाशी आला आणि थेट म्हणाला, "पावणं, तारा कंच्या बसवल्यात?" तेव्हा त्याला मिठीच मारावी असं मला वाटलं. अहो, तारा! माझ्या तारांबद्दल माझ्या बायकोनंही कधी विचारलं नव्हतं. म्हणजे एकदा विचारलं होतं. जुन्या तारा पाण्यात उकळल्या की त्यांचा मळ जातो आणि आवाज उजळतो, म्हणून मी त्या पातेल्यात घातल्या होत्या. तिनं झाकण काढलं आणि विचारलं, "ह्ये काय शिजतंय?"

हा गडी मूळचा हुपरीचा, पण नोकरी एमआयडीसीतल्या फाउंड्रीत. लोखंड ओतायच्या आधी हव्या त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. दुसऱ्या एका ग्रुपमध्ये तोही बेस वाजवायचा. माझं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार परत भरून द्यायचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं. त्या भेटीनंतर दर रविवारी अर्ध्यावर ओढलेल्या शटरमागं आम्ही दोघं, आवाज मोठा करणारा एक अँप आणि समोरच्या गाड्यावरचा चहा, असा बेत ठरून गेला.

बोलायचो काय? दुसऱ्या कुणाला कंटाळा येईल तेच. मला नव्या, लखलखीत आवाजाच्या तारा आवडतात. तो तार तुटेपर्यंत बदलायचा नाही. म्हणायचा, "जुनी तार म्हंजी मुरलेलं लोणचं." मी म्हणायचो, "लेका, तुझ्या लोणच्याला बुरशी आलीय." मी बोटाच्या टोकानं वाजवतो, तो अंगठ्याच्या मांसल बाजूनं. मी बेस शिकलो तो स्टँडसमोरच्या हॉटेलात, मोठ्या स्पीकरवर लागणाऱ्या जुन्या सिनेमाच्या गाण्यांतून. त्याचा गुरू वेगळाच. गावातल्या भजनात पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापतात. ती बाजू 'धूम' म्हणाली की लहानपणी त्याच्या पोटात काहीतरी हलायचं. तो म्हणाला, "मी आजपतूर त्योच धूम हुडकाय लागलोय. दुकानातल्या कुठल्याच बेसात त्यो न्हाय." आणि मग चहाचा कप खाली ठेवून, "आपुनच करूया की एक."

नाद खुळा म्हणतात तो हाच. मी म्हणालो, "अरे, मोटर भरणं वेगळं, बेस करणं वेगळं." पण त्याच्या हातात कसब होतं, आणि असं कसब बघत बसणं हाही एक नादच. आजऱ्याच्या एका वखारीतून त्यानं फणसाची जुनी, चांगली वाळलेली फळी आणली. दक्षिणेकडं फणसाचा तानपुरा होतो, मग बेस का नाही? दांड्याला शिसम घेतला. लाकडाला आधी हातानं टकटक करायचा, कान लावायचा, परत टकटक. रंधा फिरला की फणसाचा पिवळा भुसा माझ्या तांब्याच्या तारांवर बसायचा आणि मी शिव्या द्यायचो. तारांचा आवाज पकडणारी कॉइल मी माझ्याच मशीनवर भरली. पहिली भरली ती एवढी घट्ट आणि जाड झाली की तो म्हणाला, "ह्याच्यावर पानी उपसायचं हाय का?" दुसरी मात्र जमली.

राहिले फ्रेट. सतारीला पडदे असतात तसे बेसच्या दांड्यावर धातूचे पडदे असतात, त्यांना आम्ही फ्रेट म्हणतो. तार त्यांच्यावर दाबली की सूर ठरतो. कुठल्याशा व्हिडिओत त्यानं ऐकलं की चांगले फ्रेट निकेल सिल्व्हरचे असतात. आता हुपरीच्या माणसाच्या कानावर 'सिल्व्हर' पडलं, मग काय! घराघरात पैंजण घडवणारं गाव ते. याचे वडील, त्यांना तो आप्पा म्हणतो, सगळा जन्म चांदीत बसलेले. हा म्हणाला, "सिल्वर म्हटल्यावर आमच्या घरात इचारायचं सोडून मी कुठं जाऊ?"

पण जायचं मात्र तो लांबवत राहिला. थोरल्या पोरानं आपल्या शेजारी चांदीला बसावं अशी आप्पांची इच्छा होती आणि हा लाकडाकडं गेला. भांडण झालं नव्हतं. भांडण परवडलं असतं. यांचं बोलणंच आटलं होतं. हा सणाला जायचा, जेवायचा, आईशी बोलायचा आणि परत यायचा. आप्पांकडं त्यानं कधी काही मागितलं नव्हतं आणि आप्पांनी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. मला आप्पा माहीत होते ते त्याच्या एकाच गोष्टीतून. जुनं पैंजण मोडीत आलं की ते आधी त्यावर अंगठ्याचं नख फिरवतात. झिजलेलं लागलं की म्हणतात, "पोरगी नांदली." कोरंकरकरीत लागलं की काही बोलत नाहीत.

तर हा गेला. मापं काढलेला कागद आप्पांसमोर ठेवला आणि चांदीचे फ्रेट पाहिजेत म्हणाला. आप्पांनी एवढंच विचारलं, "चांदीच?" हा म्हणाला, "चांदीच." पुढच्या वेळी गेला तेव्हा आप्पांनी गुलाबी कागदाची पुडी हातात ठेवली. आत फ्रेट. चांदीची तार भोकांच्या पट्टीतून ओढून, मग एकेक दांडी हातानं घासून, खाली दांड्याच्या खाचेत रुतेल अशी कड काढलेली. मी ती पुडी दुकानात उलगडली आणि खरं सांगतो, हातच लाववेना. एवढं देखणं काम मी मशीनचंही बघितलेलं नाही.

बेस तयार झाला. फणसाचं पिवळं अंग, काळा शिसवी दांडा आणि त्यावर चांदीच्या रेघा. त्यानं अँप लावला आणि सगळ्यात जाड तारेवर अंगठा टाकला. धूम! शेल्फावरचे नटबोल्ट वाजले. तो माझ्याकडं बघून हसला, लहान पोरासारखा. मी म्हणालो, "सापडला की रं तुझा पखवाज!" एवढा हेवा मला कुणाचाच वाटलेला नाही.

पुढं माझ्या स्वतःच्या बेसचे फ्रेट बदलायला आले, म्हणून मी पुण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. बोलता बोलता म्हणालो, "चांदी असते ना त्यात?" तो हसायलाच लागला. "निकेल सिल्व्हर म्हणजे जर्मन सिल्व्हर हो! तांबं, जस्त, निकेल. चांदी कुठली त्यात!" मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. जर्मन! हा शब्द हुपरीत शेंबड्या पोरालाही माहीत असतो. चांदीत खोट निघाली की तिथं तोच शब्द तोंडावर मारतात. निकेल सिल्व्हर हे त्याचंच दुसरं नाव, हे आम्हा दोन शहाण्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण धक्का बसल्यासारखा वाटला नाही. त्यानं बेस पुढं केला. चांदी मऊ. पोलादी तारांनी फ्रेटमध्ये चांगल्या खाचा पाडल्या होत्या. सगळ्यात जास्त लागणाऱ्या खालच्या सुरांवर तार आता खरखरत होती. मी म्हणालो, "काढून टाक. कडक घालू. एका दिवसाचं काम."

"आप्पा येनार हायत," तो म्हणाला.

आमच्या दोन ग्रुपांचा मिळून जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला होता आणि त्यात बेस तो वाजवणार होता. आप्पांनी स्वतः फोन करून विचारलं होतं, कधी हाय म्हणून. जन्मात पहिल्यांदा. आता फ्रेट बदलले तर आप्पांची चांदी काढून फेकल्यासारखं होणार. ठेवले तर खरखर ऐकू येणार, खाचा दिसणार, आणि आपलं काम पोराच्या उपयोगी पडलं नाही असं म्हातारा समजणार. मी म्हणालो, "माझा बेस घे." तो म्हणाला, "त्यांची नजर पयली चांदीवरच जानार, गा." मला रागच आला त्याचा. एवढा मोठा घोडा आणि बापाशी चार वाक्यं बोलायची धमक नाही! पण त्याच्या डोळ्यांकडं बघितलं आणि विषय सोडला.

कार्यक्रमात त्यानं जे केलं ते बेस वाजवणाऱ्यालाच कळेल. एकच सूर दांड्यावर दोन-तीन ठिकाणी मिळतो. त्यानं सगळी गाणी दांड्यावर वर सरकवली, जिथं फ्रेट कमी झिजले होते. बोटांची जुनी सवय मोडून नवी बसवली. अगदी खालचे सूर टाळता येत नव्हते, तिथं तार इतकी अलगद दाबली की खरखर ओठातल्या ओठात राहिली. आणि वरच्या जागी जाड तारेवर तो आवाज आणखी गोल, आणखी दाट झाला. मी विंगेत उभा होतो. सभागृहात कुणाला काही कळलं नाही, नेहमीसारखंच.

कार्यक्रम संपल्यावर आप्पा मागं आले. बारीक चणीचे, पांढरी टोपी. मला म्हणाले, "ह्येलाच बेस म्हंत्यात व्हय?" मी म्हणालो, "व्हय." ते म्हणाले, "ब्येस हाय." मग खुर्चीवर बसले, बेस मांडीवर घेतला आणि अंगठ्याचं नख चांदीवरून फिरवलं. एका खाचेवर थांबलं. पुढच्या खाचेवर थांबलं.

"आप्पा, चुकलं," तो म्हणाला. "चांदी नको हुती. नाव तेवढं सिल्वर, आत जर्मन असतंय. मला ठावं नव्हतं."

"मला ठावं हुतं की," आप्पा म्हणाले. "चांदी मऊ. झिजनारच."

"मग दिली कशापाय?"

आप्पांनी वर बघितलं नाही. नख त्या खाचेतच होतं.

"न झिजनारी दिली असती, तर परत आला असतास व्हय घरला?"

तो बापाच्या पायाशी, तिथंच फरशीवर बसला. मी उगाच वायरी गुंडाळायला लागलो, आणि गुंडाळलेल्याच परत गुंडाळल्या.

पुढच्या रविवारी मी शटर अर्ध्यावर ओढलं, सवयीनं दोन चहा सांगितले आणि मग आठवलं, तो हुपरीला गेलाय. दोन्ही चहा मीच प्यायलो. बेस झाला होता चहा.