पाहुण्यांसाठी रंगवलेली शाळा

घाटकोपरला आमच्या टेकडीवरची पालिकेची शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी खाली उतरून स्टेशनपलीकडे जावं लागायचं. बाबांचं मरोळच्या कारखान्यातलं काम सुटलं, आई लोकांची भांडी घासायला लागली, आणि माझी मोठी बहीण आठवीनंतर घर सांभाळायला बसली ती बसलीच. म्हणून मी खाली जाऊन शिकू शकले. घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

पुढे शाळांचं नियोजन करणाऱ्या संस्थेत लागले. पैसा युरोपातला, शाळा पालिकेच्या, मध्ये आम्ही. शेजारच्या टेबलावरची सहकारी परदेशात शिकलेली. तिचं इंग्रजी ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. अजून दुखतं.

नववीचा नवा वर्ग काढायला दोन शाळा स्पर्धेत होत्या, मी सुचवलेली आमची टेकडीवरची आणि तिने सुचवलेली मरोळची. पैसा त्या वर्षी एकीलाच मिळणार होता. युरोपातले पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर आमच्या वस्तीने शाळा रंगवली. मंडळाच्या खुर्च्या आल्या, शेजारच्या क्लासमधले पंखे आले, शाल-श्रीफळ आलं. रांगोळी मी काढली. पाहुणे एकदम खूश. निघताना म्हणाले, "तुमचं छान चाललंय. गरज दुसरीकडे जास्त दिसते."

मरोळला तिने भिंतीला हातही लावला नव्हता. पैसा तिकडे गेला. तिने ऑफिसात पेढे वाटले. माझा मी तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला.

घरी बहीण म्हणाली, "भिंती तशाच दाखवायला तिला कसली लाज? ती काय मरोळला राहते? आपल्या घरी माणसं येणार तर आपण झाडून काढणारच ना."

"मग आता काय करू?"

"परत बोलव. या वेळी मला बसव त्यांच्यासमोर. फक्त मला रंग लावू नकोस."

पुढच्या वर्षी पाहुणे परत आले. पंखे नाहीत, रांगोळी नाही. बाकांवर बहीण आणि आठवीनंतर घरी बसलेल्या वस्तीतल्या बायका. त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगायला आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझ्या त्या सहकारिणीलाच पाठवलं. मला काय येत नव्हतं? पण तिने बहिणीचा एक शब्द गाळला नाही, पदरचा घातला नाही. तेही मला खुपलं. किती सहज जमतं बयेला.

यंदा जूनमध्ये टेकडीवरच्या शाळेत नववीचा वर्ग सुरू झाला. बहिणीची मुलगी त्यात आहे.