मी डोळ्यांनी पाहिलेली मंदी

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. पण एक अट. हसायचं शेवटी! मधेच कुणी फिसकन हसलं की माझा धीर सुटतो.

तर माझी सासुरवाडी पुनावळ्याची. मूळची शेतकरी माणसं. शेतात आता इमारती उभ्या आहेत, आणि मामा, म्हणजे माझे सासरे, पूर्वी सकाळी उठून पीक बघायचे तसे आता मोबाइलवर शेअर बघतात. मी परभणीचा, हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसणारा. शनिवार-रविवार सुट्टी, बाकीचे दिवस खुर्ची. पण टीव्हीवरच्या चर्चा ऐकून ऐकून आयात शुल्क, कच्चं तेल, रुपयाची घसरण असले शब्द माझे पाठ झालेले. सासरी तेवढं पुरतं हो! झालो की मी तिथला बाजारतज्ज्ञ.

माझा मेहुणा नितीन चाकणच्या एका कंपनीत मशीनवर काम करतो. बिचाऱ्याचं एकच स्वप्न, स्वतःचं छोटंसं वर्कशॉप. भाड्याने शेड बघून ठेवलेली, मामा शेअर विकून भांडवल देणार होते. आणि नेमकं तेव्हाच जगाचं डोकं फिरलं! इकडे युद्ध, तिकडे शुल्कवाढ, बाजार रोज वरखाली. मामा गांगरले.

"जावईबापू, तुमीच सांगा. पोरानं धंदा काढावा का न्हाई? तुमी म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! जावयाला असं कधी म्हणू नये. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"टीव्हीवर विसंबून चालत नाही, मामा. मी स्वतः चाकणला जाऊन बघतो," मी म्हणालो.

रजा टाकली आणि स्कूटरवरून निघालो. आणि पोहोचल्यावर स्कूटर जागीच थांबवली.

सगळं बंद! एका गल्लीत शिरलो, गेटला कुलूप. दुसऱ्या गल्लीत शिरलो, गेटला कुलूप. ना मशीनची घरघर, ना माणसांची वर्दळ. ट्रक रांगेत उभे आणि ड्रायव्हर लोक सावलीत स्टोव्ह पेटवून निवांत भाजी फोडणीला टाकतायत. चहाच्या टपरीवर गेलो, तर टपरीवालाच आडवा झालेला.

"चहा?"

"दूधच नाही घेतलं, साहेब. आज प्यायला आहे कोण?"

काळजात चर्र झालं! एका गेटवरच्या वॉचमनला गाठलं.

"मालक आहेत?"

"नाहीत."

"कामगार?"

"कुणी नाही."

"कधीपासून बंद आहे?"

"काल रात्री शिफ्ट सुटली तेव्हापासून. उद्या या."

उद्या या! मालकाने पढवून ठेवलेलं, दुसरं काय? आणि कालच रात्री! म्हणजे घाव अगदी ताजा. पुढे रस्त्यातच काही तरुण पोरं ड्रमचे स्टंप करून क्रिकेट खेळत होती. भर कामाच्या दिवशी! नोकऱ्या गेल्या तरी पोरं हसतायत, हे बघून मला भरून आलं, राव.

नितीनच्या शेडमालकाला फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला, पुन्हा रिंग. पळाला!

आता थांबून चालणार नव्हतं. तिथेच एका बंद गेटच्या सावलीत उभा राहिलो आणि माझे स्वतःचे होते नव्हते ते सगळे शेअर विकून टाकले. जगाच्या आधी आपल्याला कळलं म्हणून थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

तडक पुनावळे गाठलं. बघतो तर दारात नितीन! अर्ध्या चड्डीवर गाडी धुतोय. अरे देवा, म्हणजे यालाही काढलं? मी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नितीन, खचू नकोस. मी आहे."

"काय झालं, दाजी?"

"लपवू नकोस रे. मी सगळं बघून आलोय."

तो बावरून माझ्या मागोमाग घरात आला. मी मामांना समोर बसवलं आणि जगाची परिस्थिती मांडली. तेलापासून सुरुवात केली आणि चाकणच्या टपरीवर आणून सोडली. मग चाकणला काढलेले कुलपांचे फोटो दाखवत निकाल दिला. "मामा, शेअर आजच विका, पैसे बँकेत ठेवा. आणि नितीन, ती शेड विसर."

नितीनचा चेहरा एवढासा झाला. मामा तर कपाळाला हात लावून बसले. नितीन माझ्या मोबाइलवरचे फोटो परत परत बघत होता.

"दाजी, हे फोटो कधीचे?"

"आजचेच! गरमागरम!"

"अवो दाजी, आज गुरुवार हाय."

"मग?"

"मग काय मग? आपल्या पट्ट्यात कारखान्यांना रविवारी न्हाई, गुरुवारी सुट्टी असती!"

तुम्ही कधी भर घरात बसल्या जागी विरघळला आहात का? मी विरघळलो.

"आणि ती क्रिकेट खेळणारी पोरं?" मी चाचरत विचारलं.

"सुट्टीची मॅच."

"तुझा शेडमालक फोन का उचलत नाही?"

"झोपला आसंल की! मी बी मघाशीच उठलोय."

मामांनी आधी कपाळावरचा हात काढला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग मामी स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. पुढचं सांगत नाही.

मामांनी त्यानंतर मला काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी शेडचा व्यवहार पक्का केला. पुढच्या काही दिवसांत बाजाराने उसळी घेतली आणि माझे शेअर मी परत घेतले, अर्थात महागात!

नितीनच्या वर्कशॉपची पूजा झोकात झाली. जगातली भांडणं काही मिटली नव्हती, त्यामुळे प्रसाद घेता घेता एका पाहुण्याने मला गाठलंच. "साहेब, बाजाराचं पुढं काय वाटतं?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, "थांबा पाव्हणं! आदी त्यास्नी इचारा, आज वार कंचा हाय?"

सगळा मांडव हसला. आणि मी? मी खिशातून मोबाइल काढून वार बघितला.